वाफमावशीचं ओलं गाठोडं

वाफमावशीला दवाखान्यात सगळे घाबरत आणि घरी कोणीच घाबरत नसे. त्यामुळे दवाखान्यात ती थोडं ओरडे आणि घरी येऊन उरलेलं ओरडे. गल्लीतल्या बाया म्हणत, हिच्या घरात कुकरची शिट्टी कधी वाजली ते कळतच नाही, कारण तिच्या आधी हीच वाजलेली असते.

नाव हे कामावरून पडलेलं. बाळंतपणाच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, चादरी वाळत घालायच्या दोऱ्यांच्या पलीकडे, तिच्या दोन खोल्या होत्या. पहिलीत ऑपरेशनची हत्यारं धुवायची: रक्तानं माखलेल्या कात्र्या, चिमटे, वाट्या, ताटल्या. दुसरीत ते वाफेचं यंत्र, मोठ्या पिंपाएवढं, दाराला जहाजासारखं गोल चाक. धुतलेली हत्यारं फडक्यात बांधायची, यंत्रात घालायची, चाक आवळायचं, दाबाची वाफ सोडायची. गाठोडं तयार झालं की ते ऑपरेशनच्या खोलीकडे उघडणाऱ्या छोट्या खिडकीतून द्यायचं. घाण दारातून आत, स्वच्छ खिडकीतून बाहेर. उलटं कधीच नाही. इतका साधा कायदा. पण माणसाची जात अशी की साधा कायदा दिसला की त्याला फाटे फोडते.

"मावशी, एवढी वाफ आहेच, तर माझा डबा तेवढा गरम करून द्या की," असं भूलवाले डॉक्टर खिडकीतून डोकावून म्हणाले होते, आणि तेही थट्टेत नाही, डबा हातात घेऊन. वॉर्डातल्या मामांनी तर एका ओलसर सकाळी आपले मोजे गुपचूप गरम पाइपवर वाळत घातले होते. ते तिनं चिमट्यानं उचलले, लांब धरले, आणि मामांना सगळ्या वॉर्डासमोर परत केले. मामा पुढे कितीतरी दिवस तिच्या खोलीपुढून पाय न वाजवता जात.

फरशी पुसणारीशी तर रोजचंच. ती बाई सांडलेल्या घाणीवर सरळ जंतुनाशक ओती, वास सुटला की समाधान पावे आणि लगेच पुसून मोकळी होई.

"अगं, आधी घाण काढ, मग औषध टाक! चिखलातल्या पायांवर अत्तर शिंपडून लग्नाला निघालीस का?"

"वास येतोय की मावशी चांगला."

"वासानं जंतू मरत असते तर तुझ्या नवऱ्याच्या विडीनं गाव निर्जंतुक झालं असतं! आणि टाकलं की लगेच पुसू नकोस. मुरू दे की जरा. त्याला त्याचं काम करू दे."

पण सांगून उपयोग काय, पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास, तीच घाई, तोच पालथा घडा.

मावशीचं म्हणणं एकच होतं आणि ती ते येईल त्याला ऐकवी. धुतलं म्हणजे जंतू कमी झाले, मेले नाहीत. उकळलं म्हणजे बरेच मेले, पण सगळे नाहीत. त्यातली काही जात अशी बेरकी की कडक टरफलातल्या बीसारखी गप्प बसते, उकळत्या पाण्यात डुंबून बाहेर येते आणि वर अंग पुसायला टॉवेल मागते. त्यांना दाबातली वाफच हवी. ती वाफसुद्धा गाठोड्याच्या पार आतल्या घडीपर्यंत पोचायला हवी. आणि बाहेर काढलेलं गाठोडं कोरडं ठणठणीत हवं. ओलं निघालं तर ते बाद. दिव्याच्या वातीतून तेल चढतं ना, तसे ओल्या फडक्यातून बाहेरचे जंतू आत चढतात.

या ओल्या गाठोड्यांवरूनच तिचं सगळ्यांशी वाजे. यंत्रात जास्त कोंबलं, गाठोडं जड झालं, सुकायला सवड दिली नाही, की तळाशी ओल धरायची. मावशी हात फिरवून बघे आणि सगळं परत धुवायला टाके. ऑपरेशन खोळंबे. सिस्टर खिडकीशी येऊन कपाळाला हात लावत. "अहो मावशी, बोटभर ओल आहे, उन्हात धरलं तर वाळेल."

"उन्हात पापड वाळतात, सिस्टर. हे बाईच्या पोटात जायचंय."

तिच्या या हट्टाला कारण होतं, आणि ते ती कोणाला सांगत नसे. गल्लीला मात्र माहीत होतं, कारण गल्लीला सगळंच माहीत असतं. तिची लेक झाली ती पोट फाडूनच, एका जुन्या दवाखान्यात, जिथं हत्यारं स्टोव्हवरच्या पातेल्यात उकळत. लेक सुखरूप आली, पण मावशीचे टाके पिकले. ताप चढला तो उतरेना. लेकीला छातीशी घ्यायलाही अंगात त्राण नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत पोरीला सांभाळलं ते वन्संनी, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं. दूध पाजलं, न्हाऊ घातलं, रात्री खांद्याशी घेऊन फेऱ्या मारल्या. मावशी उठून बसली तेव्हा लेक तिच्याकडे बघून रडायची आणि वन्संकडे बघून हसायची. बरी झाल्यावर मावशीनं पहिलं काम केलं ते हे: दवाखान्यात नोकरी धरली, आणि तीही वाफेच्या खोलीत.

आता नशिबाची चेष्टा बघा. पुढे वन्संचे यजमान गेले, वन्संना काहीतरी काम हवं होतं, आणि मावशीच्या नवऱ्यानं, जो शिंपी होता आणि सुईत दोरा ओवावा तशी दुसऱ्यांची भांडणं ओवत असे, शब्द टाकून बहिणीला कुठे चिकटवलं? बायकोच्याच हाताखाली.

काम येत नसलेल्या माणसावर ओरडणं सोपं असतं. पण ते माणूस नात्यानं मोठं असलं तर? "वन्सं, तुम्ही हे काय करून ठेवलंत," यापलीकडे जीभ जाईना. मनात जे येई ते 'अहो-जाहो'त बसत नसे. कात्री मिटून बांधली तर बिजागरीत वाफ जात नाही, हे मावशीनं सांगितलं की वन्सं म्हणत, "हो का? बरं." आणि पुढची कात्री उघडी बांधत, पण फडक्याचं एक टोक पूर्वेला नि एक पश्चिमेला. मावशीची गाठोडी म्हणजे इस्त्रीचा नमुना, कोपऱ्यावर कोपरा. वन्संची गाठोडी म्हणजे झोपेतून उठवून बांधायला लावलेली.

"वन्सं, जरा घडी सरळ घ्या ना."

"चालतंय की गं वहिनी. आत हत्यारं आहेत, घडी कोण बघतंय?"

"मी बघतेय!"

"मग तू डोळे मिट."

'चालतंय की' हा वन्संचा मंत्र होता. आणि मावशीच्या डोक्यात तो कात्रीच्या टोकासारखा जाई.

अशात लेकीला दिवस गेले. सगळं ठीक चाललेलं, पण शेवटी मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं नि सांगितलं, मूल आडवं आहे, वळत नाही, पोट उघडूनच घ्यावं लागेल. "आडवंच असणार," मावशीचा नवरा म्हणाला. "आजीवर गेलंय." त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

मावशी हसली नाही. ऑपरेशन ठरलं तिच्याच दवाखान्यात, आणि तेव्हापासून तिनं फडकं हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. लेक माहेरी आली होती, आणि तिला माहेरी येऊन पस्तावा झाला होता. आई दाराच्या कड्या पुसायची, नळ पुसायची, बापाला दाढीचा ब्रश बाहेर ठेवायला लावायची. शेजारीण पेरू घेऊन आली तर ते पेरू आधी न्हाऊन मग पानात आले.

"आई, मी घरात राहतेय की बाटलीत?" लेक शेवटी वैतागून म्हणाली.

"तुला कळायचं नाही."

"मग कळू दे ना! नुसतं पुसत काय सुटलीयेस?"

मावशीनं फडकं पिळलं. "माझे टाके पिकले होते. तुझे पिकू द्यायचे नाहीत मला. बास." आणि ती दाराची कडी पुसायला निघून गेली. लेकीनं स्वतःच उठून हात धुतले. साबण लावून, नखांपर्यंत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशीनं लेकीसाठी हत्यारांचं गाठोडं बांधायला घेतलं. वन्सं पुढे झाल्या तर म्हणाली, "नको, वन्सं. तुम्ही बसा. हे मी बांधते."

वन्सं बसल्या. पण बसलेली नणंद उभ्या नणंदेपेक्षा जास्त बघते.

मावशीनं एकेक कात्री, एकेक चिमटा उजेडात धरून पाहिला. मग नेहमीच्या हत्यारांत एक चिमटा जास्तीचा घातला, असू दे. दोन पकडी जास्तीच्या, असू देत. वाटी एक होती, दुसरी ठेवली. पुसायची फडकी भरपूर घातली, आणि त्यावर आणखी. वेष्टनाला नवऱ्याकडून खास जाड कापड शिवून आणलेलं, ते एकावर एक असं गुंडाळलं. आणि गाठ अशी आवळली की कापड कुरकुरलं.

"अगं वहिनी," वन्सं म्हणाल्या, "हत्यारं बांधतेयस की पोरीला परदेशी धाडतेयस?"

"राहू दे, वन्सं."

"नाही, जड दिसतंय म्हटलं."

"वीस वर्षं हेच करतेय ना मी?"

वन्संनी पदरानं तोंड पुसलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. फळीवर त्यांनी सकाळी बांधलेलं, दुपारच्या वाफेतून निघालेलं एक गाठोडं पडलं होतं. विटक्या फडक्यातलं, एका कुशीवर कललेलं. ते अडीअडचणीला म्हणून. मावशी त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच वाफ तिनं त्या गाठोड्यासाठी लावली. काटा वर चढला, थांबला, वाफ सुटली. तिकडे लेकीला आत घेतलं होतं. बाहेर बाकावर नवरा नि जावई एकमेकांना धीर देण्याऐवजी एकमेकांचा धीर घालवत बसले होते. भूलवाले डॉक्टर नेहमीप्रमाणे एक पाय मोटारसायकलवर ठेवूनच आलेले, त्यांना इथून दुसऱ्या दवाखान्यात पळायचं होतं.

मावशीनं चाक फिरवलं. दार उघडलं. गाठोड्यावरच्या चिकटपट्टीवरचे पट्टे काळेभोर झाले होते. म्हणजे उष्णता बरोबर लागली. तिनं गाठोडं उचललं आणि सवयीनं खाली हात फिरवला.

ओल.

हात तिथेच थांबला. पुन्हा फिरवला. ओलच. तळहाताएवढा गार, ओला डाग. जाड कापडाच्या घड्यांत, त्या जास्तीच्या वाटीखाली नि असू दे म्हणून घातलेल्या पकडींखाली पाणी साचलं होतं. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, म्हणतात ना. इथे पाषाण कोरडा असता तरी बरं झालं असतं.

"मावशी, सेट!" खिडकीतून सिस्टरचा हात आला. "पट्टे काळे झाले की. द्या लवकर, डॉक्टर हात धुऊन उभ्या आहेत."

कोणाला दिसलं नव्हतं. डाग खाली होता. दोन फुंकरा मारल्या तर वाळला असता, निदान वाळल्यासारखा दिसला असता. आणि नाही दिलं तर? तर आख्ख्या दवाखान्याला कळणार की मावशीनं आयुष्यभर ज्याच्यावरून लोकांची डोकी खाल्ली तेच स्वतःच्या पोरीच्या वेळी केलं. मामांना कळणार. फरशीवालीला कळणार. सगळ्यांत आधी वन्संना.

वन्संना कळलंच होतं. त्या जवळ आल्या, हळूच गाठोड्याखाली बोट लावलं, आणि अगदी खालच्या आवाजात, मायेनं म्हणाल्या, "चालतंय की गं. देऊन टाक. मी नाही कोणाला सांगत."

त्या मायेनंच मावशीचं डोकं फिरलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"नाही चालत!" ती एवढ्यानं ओरडली की खिडकीतला सिस्टरचा हात आपोआप मागे गेला. "ओलं आहे! मी बांधलंय आणि ओलं आहे! बाद!" आणि कोणाला परत मोह नको, आपल्याला तर नकोच, म्हणून तिनं गाठ सोडली आणि आतली सगळी हत्यारं धुवायच्या कुंडात खडाखड ओतली. त्या आवाजानं बाकावरचा शिंपी उठून उभा राहिला.

"अहो मावशी, मग आता?" सिस्टर रडकुंडीला आल्या. "परत वाफ लावेपर्यंत भूलवाले थांबायचे नाहीत."

मावशी वळली. फळीवर ते विटकं गाठोडं होतं, एका कुशीवर कललेलं.

तिनं ते उचललं. खाली हात फिरवला: कोरडं. कडेनं फिरवला: कोरडं. उजेडाला धरलं, फडक्यात भोक दिसतंय का बघितलं. नव्हतं. पट्टे काळे. गाठ वाकडी होती पण सैलही नव्हती नि घट्टही नव्हती. तिनं ते पुन्हा उलटंसुलटं केलं. खोटं कशाला बोला, बाईला त्यात खोट हवी होती. आणि बाईला त्यात खोट मिळेल अशी धास्तीही होती. दोन्ही एकदमच.

"काय शोधतेयस?" वन्संनी विचारलं.

"कात्र्या उघड्या बांधल्यात ना, वन्सं?"

"तू सांगितलंस तशा."

"सगळ्या?"

"सगळ्या गं बाई. एवढं ऐकते मी तुझं, दाखवत नाही इतकंच."

मावशीनं गाठोडं खिडकीतून दिलं. गाठोड्यावरून तिचा हात सुटेना, सिस्टरनी जवळजवळ ओढून घेतलं.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. आणि वन्सं काही बोलेनात. एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेली बाई स्टुलावर बसून फडक्यांच्या घड्या घालत होती. वाकड्या. मावशीला वाटलं, बोला हो काहीतरी, टोमणा मारा, जुनं उगाळा, 'मी नसते तर' म्हणा. पण नाही. नणंदेनं बोलावं म्हणून भावजयीनं देव पाण्यात ठेवल्याचं हे जगातलं पहिलंच उदाहरण असेल.

तेवढ्यात भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. चिरकं, रागावलेलं, कोणीतरी आपल्याला न विचारता बाहेर काढल्यासारखं.

"आजीवर गेलंय," बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, आणि मग त्याचं नाक ओढणं.

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. वन्संनी डोळे पुसले आणि मावशीला दाराकडे ढकललं, "जा, बघून ये." पण त्याच वेळी दारातून वापरलेली हत्यारं आली होती, आणि रक्त वाळलं की सांध्यांतून निघता निघत नाही. मावशी गार पाण्याच्या कुंडाशी उभी राहिली. वन्संनी तिच्या हातातला ब्रश काढून घेतला. "हे मी करते."

"बिजागऱ्या नीट घासा."

"घासते."

"गारच पाणी. गरम घेतलंत तर रक्त चिकटून बसेल."

"अगं जाऽऽ!"

मावशी गेली. नातीला बघितलं, हात लावायच्या आधी हात धुतले, लेकीच्या कपाळाला हात लावला, ताप नाही ना ते बघितलं. पुढचे सगळे दिवस ती हेच करत राहिली. ड्रेसिंग बदलताना सिस्टरच्या खांद्यावरून वाकून बघायची. लाली आहे का? सूज? वास? लेक म्हणायची, "आई, लोक बाळाला बघायला येतात, तू माझं पोट बघायला येतेस." जावयानं एकदा विचारलं, "आई, अजून किती दिवस?" तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानंही उठून हात धुतले.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी उचलली. मावशी खाटेशी वाकून उभी. मागे वन्सं, नातीला खांद्याशी घेऊन, जसं एके काळी तिच्या आईला घेतलं होतं तसं.

"सुरेख," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोरडी, स्वच्छ जखम. एक टाका पिकला नाही."

मावशी खाटेच्या कडेवर बसली. तिला कधी कोणी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही, कारण तिनं लेकीची चादर नीट करायला तोंड खाली घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

मग मात्र वन्संच्या तोंडाचं कुलूप उघडलं आणि किल्ली हरवली. "माझ्या गाठोड्यावर झालेली हो ही पोरगी!" हे त्यांनी मामांना सांगितलं, फरशीवालीला सांगितलं, पेरूवाल्या शेजारणीला सांगितलं. भूलवाल्या डॉक्टरांना मोटारसायकलवरून उतरवून सांगितलं. गल्लीत तर असं पसरलं की जणू मूल आकाशातून आलं आणि वन्संनी ते फडक्यात झेललं. मावशीला यातला एक शब्द खोडता येईना. खरंच तर होतं! चडफडत ऐकून घेणं एवढंच हातात.

शेवटी एका दुपारी, खोलीत दोघीच असताना, मावशीनं एक फडकं टेबलावर पसरलं, हत्यारं मांडली, घसा खाकरला, आणि दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करून म्हणाली, "वन्सं. दाखवा बघू."

"काय?"

"कसं बांधता ते. किती हत्यारं, किती फडकी, गाठ किती आवळता. सांगा एकदा नीट. मी तसं बांधेन."

वन्संच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की दिवा लावायची गरज नव्हती. त्या उठल्या, बाह्या सारल्या, टेबलाशी आल्या. फडक्याचं एक टोक उचललं. थांबल्या. दुसरं उचललं. परत ठेवलं. तिसरं उचलून विचारात पडल्या.

"आता कसं गं सांगू," त्या म्हणाल्या. "मी काही ठरवून बांधत नाही. हाताला येईल तसं बांधते. चालतंय की!"

मावशीनं खाडकन कपाळावर हात मारून घेतला. आणि मग, धुतलेला हात चेहऱ्याला लागला म्हणून, पुटपुटत, दात खात, पुन्हा धुवायला नळाकडे गेली.